शंभर सीसीला झेपेल अशी साइडकार

दादा, पोरीसाठी साइडकार घेतली. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला जोडतात ती, एका चाकाची, एक माणूस बसेल एवढी. पोर म्हणजे तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. आता बारावी झाली तिची, हिंगोलीच्या कॉलेजात नाव घातलंय. आणि तिला आपल्या आक्कासारख्याच फिट येतात. गोळ्या चालू आहेत, महिनोन् महिने काही होत नाही, मग एखाद दिवशी बोलता बोलता डोळे फिरतात. मी सदा घाबरलेला असतो. जेवताना घाबरलेला, शेतात घाबरलेला. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, पुरुषासारखे पुरुष आणि काय हे. म्हणून तुम्हाला सांगतो. या भीतीत तुमच्याएवढं मुरलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यासमोर येतं. आक्का चुलीपाशी भाकरी थापतेय आणि तुम्ही दारात उभे, तिला जाळाजवळ एकटं सोडायचं नाही म्हणून. सातवीतून तुम्ही तिची शाळा सोडवलीत आणि पुढच्याच बाजारात रेडिओ आणलात, नवाकोरा, चामड्याच्या कव्हरातला. गावात तुमचं केवढं कौतुक झालं. आक्कानं तो मांडीवर घेतला आणि विचारलं, "दादा, शाळेच्या टायमाला बी लावू का?" तुम्ही म्हणालात, "दिसभर आईक. कुठं जायचंय तुला?" एकदा मी तिला सायकलवर डबलसीट औंढ्याच्या जत्रेला नेलं, तर परतल्यावर तुम्ही वेशीतच माझ्या कानाखाली वाजवलीत. "पडली असती म्हंजे? कोन उचललं असतं तिला?" आणि तिथंच वाकून तिचे हातपाय चाचपत बसलात, कुठं लागलंय का ते. तुमच्या मागं आक्का गेली, दादा. रस्त्यावर नाही, विहिरीवर नाही. आपल्याच घरात, न्हाणीत, भरलेल्या बादलीपाशी. हे तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तर पोरीला मी घरी बसवणार नाही असं ठरवलं. ठरवायला काय जातं! कॉलेजात कागद द्यायला निघाली त्या दिवशीच गच्च भरलेल्या जीपमध्ये तिला फिट आली, आणि उतरवून घेताना पुढचा दात अर्धा तुटला. मग दाताच्या डॉक्टरकडे, कॉलेजच्या कामांना मी तिला मोटारसायकलवर मागे बसवून, टॉवेलानं माझ्या कंबरेला बांधून न्यायला लागलो. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं असायचं. ते घसरलं की गाडी बाजूला घ्यायची, एवढं मनाशी पक्कं. एकदा घसरलं. साधी डुलकी होती ती, पण मी गाडी बाजूला घेतली ती थेट नालीत.

तेव्हा कुणीतरी साइडकार सुचवली. हिंगोलीत एका भाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यांच्याकडे दोन होत्या. एक जाड पत्र्याची, वर टप असलेली, कुठल्याशा मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीवरून उतरवलेली. दुसरी पाइपाची, हलकी, उघडी. मी त्या जाड पत्र्याच्या साइडकारवर हात ठेवला तो काढीना. पत्रा वाजवून पाहिला, जीवाला बरं वाटलं. पोरगी म्हणाली, "पप्पा, हिला दार बी बसवा. भाईरून कडी लावता येईल." भाई हसले. म्हणाले, "गाडी शंबर सीसीची हाय तुमची. चालवून बघा, मंग बोलू." पोरीच्या जागी त्यांनी सिमेंटचं एक पोतं ठेवलं.

चढाला इंजिन रडायला लागलं, तेही मी चालवून घेतलं असतं. पण उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबू पाहते तर साइडकार थांबेना. तिच्या रेट्यानं हँडल उजवीकडे फिरलं, आणि समोरून हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर. ट्रॉली माझ्या गुडघ्याला चाटून गेली. कशीबशी थांबलो तेव्हा आतलं पोतं पुढच्या पत्र्यावर आपटून फुटलं होतं. मी रस्त्याच्या कडेला बसून त्या फुटलेल्या पोत्याकडे बघत राहिलो. ट्रॅक्टरवाला थांबून शिव्या देत होता, त्या मला गोड लागत होत्या.

हलकीच घेतली मग. मागचं दातेरी चक्र मोठं टाकून घेतलं, म्हणजे गाडी ओढते जास्त आणि पळते कमी. पळते कमी, याचा मला आनंदच आहे. पण या हलकीचीही एक खोड आहे. ती रिकामी असली आणि डावं वळण घेतलं की तिचं चाक जमिनीवरून उचलतं. पहिल्यांदा उचललं तेव्हा माझी बोबडीच वळली. भाईंनी पोरीला आत बसवलं, पट्टा लावला, म्हणाले, "आता घ्या वळन." घेतलं. चाक जागचं हललं नाही. पोरगी आतून ओरडली, "म्हंजे मी हाय म्हनून तुमी पडत न्हाई, व्हय ना पप्पा?"

व्हय म्हणालो. पण आता तिचं कपाळ माझ्या पाठीला नसतं, दादा. ती माझ्याहून खाली, हातभर लांब. तिच्याकडे बघावं तर रस्ता सुटतो, रस्त्याकडे बघावं तर ती. तुम्ही दारात उभे राहायचात ते आता मला कळतं. तुमचा राग मी इतकी वर्षं केला, तो कुठं ठेवावा हे मात्र कळत नाही.

आज कॉलेजचा पहिला दिवस. ती कधीची साइडकारमध्ये जाऊन बसलीय, पट्टा लावून, डबा मांडीवर घेऊन. गाडीचा प्लग गेलाय, नवा घेऊन माणूस येतोय, असं मी तिला सांगितलंय आणि आत येऊन हे लिहीत बसलोय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकणार तरी कुठल्या पत्त्यावर. पण प्लगला काही झालेलं नाही. सकाळी मीच तो काढला. माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

"पप्पा, आला का तो मानूस?" ती बाहेरून विचारतेय.

"येऊन राहिला," मी म्हणालो.