सहाव्या मजल्यावरची टोपली

नेपल्स, ४ ऑक्टोबर

चि. एर्सिलियास,
अ. उ. आ.

तुझ्या कानांमुळे फोनचा उपयोग नाही, म्हणून लिहायला बसले. आमच्या इमारतीची लिफ्ट अजून बंदच आहे. माझे गुडघे सहा मजले उतरू देत नाहीत, आणि नात मिकेलिनाला तिसऱ्याच मजल्यावर धाप लागते. एप्रिलपासून ती वर आलेली नाही. नऊ वर्षांची पोर गं!

आता दवाखान्यातली नर्स सिल्वाना आणि चर्चमधल्या बायका यांनी नवीन काढलंय. वस्तीतल्या जाड मुलांची वजनं करतात आणि रोज त्यांना रांगेने चालवत शाळेत नेतात. तळलेलं बंद, गोड पाणी बंद. सूनबाई ओर्सोलाने मला न विचारता सही ठोकली. आपल्या लहानपणी गुबगुबीत पोर म्हणजे घरची शोभा होती, आता तोच आजार झालाय.

रांग सकाळी आठला माझ्या गॅलरीखालून जाते. मी दोरीने टोपली सोडते, आत गरम तळलेला पिझ्झा. रांग नेणारी तितीना आपलीच, तिचाही वाटा असतो. एवढं मात्र तुझ्यापाशीच ठेव.

तुझी ताई,
नुन्त्सिया


तुरीन, १९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोपलीचं वाचून आधी खूप हसले. मग हसू आटलं. मे महिन्यात माझा पाय मुरगळल्याचं तुला कळवलं होतं ना, ते खोटं होतं. साखरेपायी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तू घाबरशील म्हणून लपवलं.

आईला मी दोष देत नाही, तिने मायेनेच भरवलं. पण ताई, मिकेलिना चेहऱ्याने अगदी माझ्यावर गेली आहे. तेवढ्यावरच थांबू दे.

रागावू नकोस. माया पातळ करू नकोस.

तुझी,
एर्सिलिया


नेपल्स, २ डिसेंबर

चि. एर्सिलियास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडले. आणि तरी महिनाभर टोपली सोडत राहिले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आणखी एक कबूल करते. आठ पोरं तोंडाकडे बघत असताना एकट्या नातीला खायला घालणं मला जमेना. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठीच तळत होते. गेल्या आठवड्यात वजनं झाली. बाकीच्या गल्ल्यांतली पोरं उतरली, आमची रांग तेवढी वाढली. बिचाऱ्या सिल्वानाने दोनदा काटा बदलून पाहिला. शेवटी मला राहवेना. गॅलरीतून तिला हाक मारली आणि अख्ख्या गल्लीसमोर सांगून टाकलं. तितीना घरात पळाली.

सिल्वाना रागावली नाही. म्हणाली, टोपली सोडा, पण आत फळं घाला. आता सफरचंदं जातात. पोरं वर बघून तोंडं वाकडी करतात. मिकेलिना तर हल्ली वर बघतच नाही. मला फार भीती वाटते गं. पिझ्झा नसेल तर तिला माझी आठवण कशाला येईल?

बोटांची जखम नीट बरी झाली का, ते लिही.

नुन्त्सिया


नेपल्स, २१ मे

चि. एर्सिलियास,
अ. उ. आ.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. उघडते तर मिकेलिना, एकटी! तोंड लालबुंद, प्रत्येक मजल्यावर बसत आली होती, पण आली. मी सवयीने स्वयंपाकघराकडे धावले, कढई काढली. तिने माझा एप्रन धरला आणि म्हणाली, आजी, मी जेवून आलेय, नुसती तुझ्याजवळ बसायला आलेय.

मग बसलो दोघी. आणि मला काय बोलावं तेच सुचेना गं. नऊ वर्षं मी तिला फक्त खा म्हणत आले होते.

पायाला जप. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी ताई,
नुन्त्सिया