बाबांचं काज आणि माझं वय

आत्या,

हॉस्पिटलच्या तपासणीच्या खिडकीतून "वय?" असा एकच शब्द बाहेर आला आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हे आधी सांगून टाकतो, कारण नमस्कार-चमत्कार करत बसलो तर मुद्दा राहून जातो. आता रीतीनं सुरुवात. तुला वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. हल्ली बाबांच्या पिशवीचा नळ उघडायला इतकं वाकावं लागतं की त्यातच सगळ्या वडीलधाऱ्यांचे नमस्कार उरकून घेतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतेस ना? करत असशील तर तू ठणठणीत आहेस असं समजतो.

बाबा बरे आहेत. हे वाक्य मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं आणि त्याच्या मागच्यातही, आणि दोन्ही वेळा पाकिटाचा डिंक वाळायच्या आत त्यांना हुडहुडी भरली होती. म्हणून या वेळी मुळापासून सांगतो. ऑपरेशन झालं हे तुला माहीत आहे, पण तुझ्या भावानं ते फोनवर "किरकोळ" या एका शब्दात गुंडाळलं होतं. किरकोळ म्हणजे काय, तर गाठ होती म्हणून डॉक्टरांनी मूत्राशय पूर्ण काढून टाकलं, बाबांच्याच लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेतला, मूत्रपिंडांच्या दोन्ही नळ्या त्याला शिवल्या आणि त्याचं दुसरं टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढलं. तिथे आता एक लाल, ओलसर, छोटं तोंड आहे. त्यावर पिशवी चिकटवायची. लघवी आपली थेंब थेंब उतरत राहते. पिशवी भरत आली की खालचा नळ उघडायचा. शुद्धीवर आल्यावर कोणी पाणी मागतं, कोणी बायकापोरांना हाक मारतं. आमच्या शिंपीमहाराजांनी पांघरूण बाजूला केलं, चष्मा मागितला, पोट निरखलं आणि म्हणाले, "काज बरं केलंय. टीप जरा वाकडी गेलीय." तेव्हापासून आमच्या घरात त्या तोंडाला काज म्हणतात. (डॉक्टरांना हे कळवलेलं नाही. बिचारा दिवसभर उभं राहून शिवत होता.)

पहिल्याच आठवड्यात पिशवीत पांढरे धागे दिसले. मी तडक हॉस्पिटल गाठलं आणि आत दोरा विसरलात म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी सुनावल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की ते आतडं आहे, चिकट सोडणं हे त्याचं जन्माचं काम, जागा बदलली म्हणून ते सोडणार नाही. म्हणजे बदली झालेल्या कारकुनासारखं, नव्या खात्यात बसून जुन्या खात्याच्या फायली चाळतंय. मी माफी मागितली. (मी माफी लवकर मागतो, हे माझ्या संतापाबद्दल बोलताना घरात कोणीच लक्षात घेत नाही.)

खरी पीडा पुढे सुरू झाली. बाबा पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, मशीनवर बसायला लागले आणि इन्फेक्शन मागे लागलं. पाठीत कळ, दातावर दात आपटणारी थंडी, मग ताप. गोळ्या घेतल्या की उतरायचा, माणूस जरा हसायला लागला की परत चढायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच होत राहिलं तर मूत्रपिंडं कामातून जातील, आणि याचं मूळ सापडेपर्यंत मशीनवर बसायचं नाही. मूत्रपिंडांचं बाबांनी माझ्याकडून डोळ्याची पापणी न हलवता ऐकून घेतलं. मशीनचं ऐकलं मात्र, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आत्या, जन्मल्यापासून ज्या घरात मशीनचा खडखडाट ऐकला तिथे घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. आता घरात करणारा मी एकटा, आणि माझी कीर्ती तू जाणतेसच.

बाबांना हॉस्पिटलच्या वासानंच ताप चढतो, म्हणून बाटलीत नमुना घेऊन खिडकीवर जाण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मोकळाच होतो. (कॉलेजचं तुझ्या कानावर वेगळं आलं असेल. खरं ते एवढंच, की सरांनी भर वर्गात विचारलं, "तू इथे बसून काय करतोस?" प्रश्न बिनतोड होता. मी उभा राहिलो, आणि उभा राहिल्यावर परत बसणं मला अपमानाचं वाटलं.) तर मी खिडकीवर गेलो. आत एक मुलगी, पांढरा कोट, नाकावरून घसरणारा चष्मा, आणि चष्मा वर सरकवायची मनगटाची एक तऱ्हा. वर्णन करत नाही, तू हसशील. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आडनावापलीकडे काही वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वय?"

आता आत्या, तूच न्याय कर. अशा मुलीनं माझ्या डोळ्यांत बघून वय विचारलं, तर मी बाबांचं सांगणार का? "बावीस," मी म्हणालो, आणि तेही जरा छाती काढून. तिचा चेहरा पडला. ऑपरेशन केव्हा झालं, पिशवी कुठल्या बाजूला, ताप किती वेळा, हे तिनं इतक्या हळुवार आवाजात विचारलं की मी विरघळत विरघळत सगळी खरी उत्तरं दिली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या मुलीच्या हिशेबी मूत्राशय माझं गेलंय.

दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगणार होतो. अगदी वाक्य जुळवून गेलो होतो. पण तिनं मला रांगेतून पुढे बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाली, "उभे नका राहू हो, त्रास होईल." मला आजवर उभं राहण्याबद्दल शिव्याच मिळाल्या आहेत. वाक्य गिळलं. मग पाण्यावरून बोलणी खाल्ली. पाणी भरपूर प्यायलं पाहिजे, लघवी वाहती राहिली पाहिजे, असं म्हणत तिनं ग्लास भरून समोर ठेवला आणि मी तो संपवेपर्यंत बघत राहिली. संपवला. दुसरा भरला. तोही संपवला. ती बघत असेल तर मी विहीर संपवीन. पण ग्लासांवर ग्लास झाल्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावर येऊ नये. पोट फुटायला आलेलं आणि ती समोर मायेनं बोलतेय. मुतारी कुठे आहे असं विचारायची सोय नाही, कारण ज्याला मूत्राशयच नाही त्याला घाई कसली? मी पाय आवळून, चेहऱ्यावर आजाऱ्याचं मंद हसू ठेवून बसलो. ती म्हणाली, "फार दुखतंय का?" मी म्हणालो, हो. आयुष्यात इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.

तिचा सल्ला मी घरी बाबांना जसाच्या तसा लागू करायचो. तरी ताप येतच राहिला आणि रिपोर्टात दर वेळी निराळेच जंतू निघायला लागले. एकदा तिनंच कपाळाला आठ्या घालून विचारलं, "नमुना घेता कुठून?" मी म्हटलं, कुठून म्हणजे, पिशवीच्या नळातून. तिनं कपाळावर हात मारला. "अहो, पिशवीत साचलेल्यात जंतू असणारच! डबक्यातलं पाणी आणून नदी तपासताय तुम्ही." नमुना काजातून ताजा घ्यायला हवा, आणि ते काम सिस्टरचं. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी या. मी असेन." आत्या, पुढचं काही मी ऐकलंच नाही. उद्या सकाळी या, मी असेन. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, धुतलं, परत लावलं. गेलो. तिनं मला पडद्याआड नेलं. तिथे हातात मोजे चढवलेल्या एक भारदस्त सिस्टर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शर्ट वर करा."

मी शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढून धरला. सिस्टरनी अशी कित्येक पोरं सरळ केली असावीत. त्यांनी तो एका झटक्यात वर केला. पोट गुळगुळीत. बेंबी सोडली तर काही नाही. सिस्टर उजवीकडे बघतायत, डावीकडे बघतायत, आणि मला वळवून पाठ बघणार एवढ्यात मी एका श्वासात सगळं ओकलो. सिस्टर भिंतीला धरून हसल्या. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "मी आईला सांगितलं तुमच्याबद्दल. आम्ही दोघी रडलो. आणि ज्यांना खरंच होतंय त्यांचा ताप अजून तसाच आहे ना?" या शेवटच्या वाक्यानं मी पार खाली बसलो. "घरी जा," ती म्हणाली, "आणि ज्यांचं पोट आहे त्यांना घेऊन या."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इतके हसले की काजावर हात धरून बसावं लागलं, आणि मग, जो माणूस हॉस्पिटलचं नाव काढलं की पांघरुणात शिरतो, तो उठून चपला शोधायला लागला. त्या मुलीची माफी मागायला म्हणून गेले. सिस्टरनी पिशवी काढली, पुसलं, बारीक नळी घालून ताजा नमुना घेतला, आणि दोन दिवसांनी रिपोर्टात या वेळी एकच जंतू निघाला आणि त्याला एकच औषध. पण त्याआधी सिस्टरचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. पट्ट्याचं तुला सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मशीनवर बसायचं ठरलं तेव्हा बाबांनी स्वतःसाठी एक पट्टा शिवला होता. पिशवी पोटाशी सपाट दाबून धरणारा, अस्तर लावलेला, टीप कुठे दिसेल तर शपथ. गिऱ्हाईक माझ्याकडे फिटिंग बघायला येतं, आणि माझ्याच पोटाला फुगवटा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तो मोठ्या अभिमानानं दाखवला. सिस्टर म्हणाल्या, हा फार घट्ट आहे, काढून टाका. बाबा लाल झाले. मी तर त्यांच्याआधीच झालो होतो. आमच्या फिटिंगला नावं? आम्ही दोघे पडदा हिसडून बाहेर पडलो. (एवढ्या घाईतही त्या मुलीनं "काका, रिपोर्ट येईपर्यंतचं औषध!" म्हणून हाक मारली आणि पुडी बाबांच्या हातात ठेवली. मी तिथे नव्हतोच असं दिसलं.)

सिस्टर चुकल्या हे सिद्ध करायचं मी ठरवलं. कोरी पिशवी घेतली, पोटावर धरली, वरून बाबांचा पट्टा करकचून बांधला, आणि बाबांना म्हटलं, वरच्या भोकातून तांब्यानं ओता पाणी, बघू कसं उतरत नाही ते. बाबांनी धार धरली. पिशवी वर टम्म फुगली. पट्ट्याच्या खाली थेंब उतरेल तर शपथ. मग पाणी आलं तसं मागे फिरलं, भोकातून उसळलं, माझ्या पँटवरून, बुटात, आणि उरलेलं टेबलावर तयार ठेवलेल्या एका गिऱ्हाइकाच्या कोटावर. मी ओरडत होतो. बाबांनी तांब्या खाली ठेवला. माझ्या कमरेचा पट्टा सोडला, खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला. मग पातं घेऊन टीप उसवायला बसले. उसवता उसवता म्हणाले, "रिकाम्या पिशवीवर माप घेतलं मी. शिकाऊ असता तर कानफटात दिली असती."

आता त्यांनी चुण्या घातलेली सैल झोळी शिवली आहे. पिशवी तिच्यात मोकळी लोंबते, मिनिटागणिक भरते, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी बाबा "आलोच" म्हणून आत जाऊन रिकामी करून येतात. वर ढगळ शर्ट घालतात, आणि कोणी विचारलं तर नवा कट आहे म्हणतात. दोघा गिऱ्हाइकांनी तसा शिवायलाही टाकला आहे. लघवी मागे फिरत नाही, ताप नाही. डॉक्टरांनी मशीनची परवानगी दिली. हे लिहितोय तेव्हा पुढच्या खोलीत खडखडाट चालू आहे आणि मला नीट विचार करता येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. तुझ्या गुडघ्यांना माझे वेगळे नमस्कार.

तुझा,
ज्याला तू भडक्या म्हणतेस तो

ता. क. एक बारीकशी विनंती. बाबा बरे झाल्यामुळे माझी फार कुचंबणा झाली आहे. नमुना नाही, म्हणजे खिडकी नाही. ती मुलगी अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. मागच्या खेपेला मी शेजारी उभा असताना बाबांना म्हणाली, "काका, तुमच्या मुलाला सांगा, केसांना तेल जास्त झालंय." म्हणजे बघते तरी! तर तू इकडे चार दिवस ये. या वयात माणसाला तपासून घेण्यासारखं काहीतरी असतंच. रक्त, थुंकी, काहीही चालेल. बाटल्या मी नेईन. खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. थांब. मधेच मशीन थांबलं. बाबा म्हणाले, थंडी वाजतेय रे. मी पेन टाकून धावलो, थर्मामीटर त्यांच्या तोंडात दिला आणि समोर उभा राहिलो. आत्या, महिनाभर मी खिडकीवर जायला कारण मागत होतो, आणि आता ते समोर बसलं होतं तर मी देवाला हात जोडले. म्हटलं, नको ती खिडकी, नको ती मुलगी, फक्त पारा वर चढू नये. चढला नाही. ताप नाही, पाठीत कळ नाही, लघवी स्वच्छ. गार पाण्याचा जग पोटात रिचवून महाराज पंख्याखाली बसले होते. म्हणतात, "ढगळ शर्टातून वारं फार जातं." हसलो दोघेही. माझ्या डोळ्यांतून पाणीही आलं, पण ते पंख्यानं.

ता. क. तिसरा. तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण निरोगी ये. तुझं रक्त नको मला. मी आत्ताच निघतोय, हातात बाटली न घेता. खिडकीत जाऊन बाबा बरे आहेत एवढं सांगणार. पुढे काय बोलायचं ते जुळवलेलं नाही. जुळवलेली वाक्यं मी गिळतो. तिनं "पुढचे या" म्हटलं तर रांगेच्या शेवटी जाऊन परत उभा राहीन. हे उंबऱ्यात उभं राहून, कागद दारावर टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं. बाबा मशीनवरून विचारतायत, निघालास कुठे. सांगितलं, माझंच काम आहे, या वेळी खरंच माझं. आता कागद पाकिटात घालतो आणि दार ओढून घेतो.