राणीचा आवाज

३ फेब्रुवारी
मिळाली! धाकटीला राणीची भूमिका मिळाली. चपलाही न काढता ती सोफ्यावर उभी राहिली आणि मला म्हणाली, "शास्त्रीबुवा, मुजरा!" मी म्हटलं, आधी गादीवरून उतर, कव्हर कालच धुतलंय.
चारशे वर्षांपूर्वीचं एलिझाबेथकालीन शोकनाट्य. राजाची विधवा आत्या सिंहासन बळकावते आणि त्याच्याच पायऱ्यांवर मरते. मी माहिती पुरवली, की त्या काळी राण्यांची कामं मिसरूड न फुटलेले मुलगे करायचे. "म्हणजे चारशे वर्षं रांगेत होते म्हण ना!" खरंच आहे. पंचवीस वर्षं ही बाई रंगमंचावर ट्रे घेऊन आत येते आणि ट्रे घेऊन बाहेर जाते.

९ फेब्रुवारी
संपादकांना पुरवणीसाठी लेख हवाय. नायकाची महत्त्वाकांक्षा आणि त्याचा घातक दोष. "तुम्ही संस्कृतवाल्या, तुम्हाला सोपं." कसलं सोपं! आमचा नायक शेवटी सुखरूप असतो. राज्य मिळतं, बायको मिळते, पाऊसपाण्याची प्रार्थना म्हणून सगळे घरी जातात. आमच्याकडे दोष असतो तो विदूषकाच्या पोटात.

२० फेब्रुवारी
धाकटीचा आवाज आठवडाभर बसलेला. आज घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जाऊन आली. गाठ आहे म्हणे. बोलणं बंद, नाहीतर आवाज जाईल.
"आणि नाटक?"
"तालमीत हळू बोलायचं. प्रयोगाला मोठ्यानं."
"आणि मग?"
"मग काय, ताई! मग पडदा."

२८ फेब्रुवारी
घरात कुजबुज चालू आहे. ती कुजबुजते म्हणून मीही कुजबुजते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारलं, "दोघी बहिणींचं बिनसलंय का?"

५ मार्च
बोंबला! डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्या. कुजबुजण्यानं घशावर जास्त ताण येतो म्हणे. म्हणजे इतके दिवस आम्ही मोठ्या मायेनं त्या घशाची वाट लावत होतो. आता पूर्ण मौन. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सकाळपासून दोनच चालू आहेत.

१२ मार्च
आज तिच्या नकळत तालमीला गेले. दिग्दर्शकाला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पोरगेला, दाढी वाढवलेला, पण कामाचा माणूस. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "तुमच्या बहिणीसारखी राणी मला दुसरी मिळणार नाही." समोर ती उभी होती. आवाज प्रयोगासाठी राखून ठेवतेय, असं तिनं त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलेलं. तोंडानं एक शब्द नाही, नुसते हातवारे आणि चाल. बाकीचे आपापली वाक्यं म्हणत होते आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. चहा प्यायले आणि परत आले.
पण तिनं मला पाहिलं होतं. घरी आल्या आल्या मौन मोडलं. "त्याला सांगितलंस तर मेल्यावरसुद्धा तुझ्याशी बोलणार नाही!"
"ते तसंही जरा अवघडच असतं," मी म्हटलं.
हसली. मग रडली. मग मी. जेवायला दोघींनाही उशीर झाला.

१९ मार्च
लेख झाला. तिला वाचून दाखवला. त्यातलं एवढंच मला पटलेलं आहे: ज्या हट्टानं माणूस उभा राहतो, त्याच हट्टानं तो पडतो. तो हट्ट काढून घेतला तर पडत नाही खरा, पण उभाही राहत नाही.
डोळे मिटून ऐकत होती. मी विचारलं, "पटलं?" दोन टाळ्या.
कसं पटेल! तिच्यावरच लिहिलाय.

२१ मार्च
छापून आला. संपादक खूश. मी नाही.

२ एप्रिल
दुपारी प्रयोग झाला.
पहिले तीन अंक — काय आवाज होता! मी विंगेत उभी होते. अंगावर काटा आला, आणि तरी तिची उरलेली वाक्यं मोजत होते. चौथ्यात खरखर सुरू झाली. पाचव्या अंकात, पायऱ्यांवर, आवाज मधूनच फुटला. वाक्य अर्धं राहिलं. उरलेलं अर्धं तिनं नुसत्या श्वासावर म्हटलं. सगळं सभागृह पुढे झुकलं. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं असावं, कारण तिथलीच एक बाई रडत होती.
लोकांना तो अभिनय वाटला. उठून उभे राहिले सगळे. ती वाकली, हसली. मेकअपच्या खोलीत माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. काही आलं नाही.

३ एप्रिल
दुसऱ्या दैनिकात माझ्याच एका समीक्षक व्यवसायबंधूनं लिहिलंय: "आवाजाचा इतका हिशेबी वापर!" पेपर फाडला. मग तुकडे जोडून पुन्हा वाचला, कारण त्यात तिचा फोटो होता.

४ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी ठरवलंय. परवा ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. धाकटीनं शांतपणे सही केली. मला शांत राहता आलं नाही. "एका दुपारसाठी!" मी तिच्यावर ओरडले. "टाळ्या ऐकायच्या म्हणून आवाज घालवलास! मूर्ख! हावरट!" उशीला टेकून ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, ह्याचाच जास्त राग आला.

६ एप्रिल
ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाहेरच्या बाकावर डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी म्हटलं, नाटक केलं नसतं तर वाचला असता आवाज.
त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "नाटकाचा काय संबंध? गाठ वाईट होती. आवाज जाणार, हे मी त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं होतं. आजची तारीखसुद्धा तेव्हाच ठरली होती. त्यांनी एवढंच विचारलं, प्रयोगापर्यंत कसा टिकवायचा."
"मला का नाही सांगितलं?"
"मी म्हटलं होतं त्यांना, घरी सांगा. तर म्हणाल्या, ताईला कळलं तर ती माझ्याशी भांडायची बंद होईल."