इन्स्पेक्टरचा हात

माय, मला आज त्या शब्दाचा अर्थ कळला! नातीच्या शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हणून सकाळपासून घरात नुसती धांदल. मी तिच्या मास्तरांना विचारलं, हा इंग्रजी शब्द नेमका सांगतो तरी काय? ते म्हणाले, "आत डोकावून पाहणारा." मी ओट्यावर बसून एकटाच हसत सुटलो.

आपल्याकडे हा शब्द कापसाच्या मागोमाग आला. दूरदेशी कुठे लढाई पेटली, विलायतेला एकाएकी वऱ्हाडचा कापूस हवासा झाला आणि भाव चढले तशी लबाडीही चढली. कोणी कापसावर पाणी मारी, कोणी मधे माती कोंबी. मग सरकारने तपासायला साहेब नेमला, तोच इन्स्पेक्टर. अकोल्याच्या बाजारात त्याने एकाची ओली गाडी सगळ्यांसमोर जाळली म्हणे, त्या माणसाचा माल पुढे कोणी घेईना. तुझ्या तोंडी तर तो शब्द असा बसला, की मी भाकरीची दुरडी उघडली तरी तू म्हणायचीस, "आला पाहा इन्स्पेक्टर!"

बाबा गेल्यानंतरचं आपलं पहिलं पीक. शेत तू आणि मी दोघांनीच कसलेलं. अमरावतीला निघताना तू रीतीप्रमाणे पहिल्या गाठोड्यावर हळदीचं पाणी शिंपडलंस. एरवी चार थेंब. त्या दिवशी आनंदात ओंजळच रिती केलीस. बाजारात गाडी उभी राहते न राहते तोच कारकून ओरडतो, "ओला माल! डागी माल!" माणसं गोळा होतात. साहेब येतो, पिवळ्या डागावर बोट टेकवतो आणि मान हलवतो. मला वाटलं, आपण लबाड ठरणार, बाबांच्या नावासकट.

तू मात्र पदर खोचून गाडीवर चढलीस. "साहेब, वरून वरून काय पाहून राह्यले? थे तं हळदीचं पानी हाय, पूजेचं. आत हात घाला, पार खांद्यापर्यंत! एक चिमूट जरी ओली निघाली तं गाडी इथंच जाळा."

कारकुनाने बिचकतच ते साहेबाला सांगितलं. साहेबाने कोट काढला, बाही सारली आणि खरंच खांद्यापर्यंत हात घातला. मग त्याने तळाचा मूठभर कापूस वर काढला, दाबला, ओढून धागा पाहिला, गालाला लावला आणि हसला. पांढराशुभ्र, कोरडा! त्याने माल पास केला आणि बाजारात असा गलका उठला, की आपले बैल बुजले.

परतताना मी विचारलं, "माय, तळाचं तू पाहिलं होतं काय वं?"

तू म्हणालीस, "म्या कायले पाहू? गाठोडे तं तूच भरले ना!"

माय, मी तेव्हा ऐटीत बैल हाकले. हे पत्र कुठे टाकायचं ते मास्तरांनाही सांगता यायचं नाही, राहू दे माझ्याच पेटीत. पण एक सांगतो. साहेबाचा हात आत होता तेव्हा तू त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतीस, आणि गाठोडी स्वतः भरलेली असूनही मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.