मुखवट्यांवर नाव हवंच

५ ऑगस्ट, सोमवार. उपास.
मुंबईच्या म्युझियममधल्या तृप्ती मॅडमचा फोन. ह्यांनी जमवलेले देवांचे जुने पितळी मुखवटे बघायला एकादशीला येणार. पसंत पडले तर कमिटीपुढे ठेवणार, मग दानपत्र. पसंत न पडायला काय झालं? अंबडच्या कंपनीचा दर वर्षीचा बोनस ह्यांनी त्यात घातला, मला एक धड पैठणी नाही. आता निदान भिंतीवर मोठं नाव लागू दे. शेजारणींना गाडी करून दाखवायला नेईन. भाडं ज्याचं त्याने.

६ ऑगस्ट
मॅडमना विचारलं, नाव केवढ्या अक्षरांत? म्हणाल्या, मावशी, दानाला अट नसते. वस्तू कायम मांडलेली राहील असंही नाही. म्हणजे फुकट घ्यायचं आणि गोदामात टाकायचं! ठरवलं, आपली सोय आपणच करायची.

९ ऑगस्ट, नागपंचमी
मुखवटे चिंचेने घासले. हे जन्मभर ओरडायचे, हात लावू नकोस, तो काळा रंग तसाच राहू दे. कसला मेला काळा रंग! देव कसे लख्ख निघाले.

१२ ऑगस्ट, सोमवार. उपास.
भांडी बाजारात गेले. भांडं घेतलं की नाव फुकट. एक गाळणं घेतलं, मग पिशवीतून मुखवटे काढले. दुकानदार म्हणाला, आजी, एका गाळण्यावर एवढी नावं? कुरकुरत टाकली : ‘कै. गोरक्ष सानप यांच्या स्मरणार्थ’. कपाळावर नको म्हटलं, देव आहे. गळ्याखाली. मागे टाकून वाचणार कोण? सूनबाई स्नेहा म्हणाली, आई, मॅडमना आधी विचारायचं ना. देवळातल्या पंख्यावरसुद्धा नाव असतं, म्हटलं. हिला काय कळतंय.

१६ ऑगस्ट, एकादशी
मॅडम आल्या. पहिला मुखवटा घेतला, खाली ठेवला. दुसरा घेतला. तिसरा उचललाच नाही. म्हणाल्या, मावशी, हे काय करून बसलात? कमिटीपुढे आता काय नेऊ? चहासुद्धा घेतला नाही. चपला घालताना म्हणाल्या, काका आमच्याकडे येऊन गेले होते. नाव कुठेच नको म्हणाले. फक्त मांडले की आमच्या हिला बोलवा, तिने ते कधी नीट बघितलेच नाहीत.
ह्यांना व्यवहार कधी कळलाच नाही.

१७ ऑगस्ट
म्युझियमवाल्यांचंच नशीब फुटकं. देवळात विचारलं, ठेवून घेता का? पुजारी म्हणाले, आमच्याकडे आमचे आहेत.
मुखवटे परत शोकेसमध्ये लावले. समोर खुर्ची घेऊन नीट बघायला बसले. देव काही दिसेनात. नुसतं ह्यांचं नाव.