शेवटची ओळ

टोलेडो, ३ डिसेंबर १५७४

लाडके ब्रियांदे,

देव तुला सुखात ठेवो. आम्ही बरे आहोत. आईला आता फारसं दिसत नाही, तरी आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं की माझा उद्धार होतोच. अक्रोड पाठवलेत, वाटून खा. तुमच्या मठाच्या थोरल्या बाई पत्रं आधी स्वतः वाचतात म्हणे. वाचू देत.

येत्या तेरा तारखेला तू कायमचं व्रत घेणार. त्याआधी मला हे लिहायलाच हवं.

रेशमाच्या कारखान्यातल्या दुपारी आठवतात? तुम्ही सगळ्या कढयांपाशी बसून कोषांचे धागे काढायच्यात आणि मी सरदारांच्या जुन्या कथा वाचायचे. माझ्या वाटचं कामही तुम्हीच उरकायच्यात. सरदार दैवाच्या नावाने बोटं मोडायला लागला की तू म्हणायचीस, "ताई, हा आता पाच पानं रडणार. तोवर मी पाव खाऊन घेते."

मग कारखान्यात कोष पोचवणारा बर्नाल एक दिवस पोती टाकून गेला तो परत आलाच नाही. "जाताना माणूस कुत्र्यालाही हाक मारतो गं," एवढंच तू म्हणालीस. मग सहा वर्षांत दोन स्थळं नाकारलीस आणि मठात गेलीस. मी गप्प बसले.

त्याने हाक मारली होती, ब्रियांदे. तो गेला त्याच दिवशी सकाळी त्याने माझ्या हातात पत्र दिलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे. मलाही तो आवडायचा, आता लपवून काय करू? उघडलं तर वर तुझं नाव. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून चौकातल्या लेखकाकडून लिहून घेतलेलं. सगळं आपल्या पुस्तकांतल्यासारखंच, निर्दयी दैव न् करपलेलं काळीज. माझा नुसता जळफळाट झाला. त्याच दुपारी पत्र पुस्तकात ठेवून, तुझं नाव गाळून, कथेतलंच म्हणून मी ते सगळ्यांसमोर वाचलं.

तू खदखदून हसलीस. "दैवाला कशाला दोष देतोस रे मेल्या, तोंड उघडून विचार की तिला!" सगळ्या बायका हसल्या. बर्नाल पोतं घेऊन दारात उभा होता. त्याला वाटलं, पत्र त्याचं आहे हे ठाऊक असूनच तू हसलीस. मी त्याला पाहिलं आणि पान उलटलं.

परवा तो आला होता. सेव्हिलला माग चालवतो, एकटाच आहे. आईची विचारपूस केली, मग मला म्हणाला, "धाकटी अजून तशीच हसते का?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्याने टोपी उचलली. मग म्हणाला, "मला काय सांगता? तिला सांगा." बारा तारखेपर्यंत तो पुलाजवळच्या खाणावळीत आहे.

त्याचं पत्र सोबत ठेवलंय. शेवटची ओळ मी त्या दिवशी वाचली नव्हती. लिहिली लेखकानेच, पण शब्द बर्नालचे आहेत: "नाही म्हणालीस तरी चालेल, फक्त हसू नकोस."

क्षमा मागत नाही. तुझी ताई म्हणून सही करायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,

मेन्सिया