देव डिक्कीत ठेवत नाहीत

२ फेब्रुवारी, सकाळ
यशवर्धनने गाडी आणली. नातवाची पहिली गाडी. लाल. जुनीच घेतलीय, पण चकाचक. दारं दोनच. मी सगळीकडून फिरून पाहिलं, मागे दारं नाहीतच. विचारलं तर म्हणाला, आजोबा, ही स्पोर्ट्स हॅचबॅक आहे, गाडी छोटी, इंजिन मोठं. मागे बसतंय कोण.
मी म्हटलं, मी बसतो.
तो हसला. म्हणजे पक्कं.

संध्याकाळ
यश आणि शिखा चौदा तारखेला जेजुरीला निघणार. लग्न गेल्याच महिन्यात झालं, राहतात वेगळ्या फ्लॅटवर. आमच्याकडे नव्या जोडप्याबरोबर घरचे टाक जेजुरीला जातात. टाक म्हणजे देवघरातले चांदीचे पत्रे, त्यांवर देव उठवलेले. मूळच्या देवाला भेटवायचे आणि परत आणायचे. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इंदूरला आले आणि इथलेच झाले, पण देव अजून तिकडचा. टाकांचा डबा घरातला सर्वांत वडील माणूस मांडीवर घेऊन बसतो. सर्वांत वडील मी. त्यामुळे माझं जाणं आपोआप ठरलं. अजून कोणी तसं म्हटलेलं नाही. म्हणायचं काय त्यात.
चौदाच तारीख का, विचारलं. शिखा लाजली. पंचांग काढून पाहिलं. पंधराला महाशिवरात्र आहे. पोरं धार्मिक निघाली.

३ फेब्रुवारी
यश चहा पीत होता तेवढ्यात खाली जाऊन मागची सीट तपासली. गुडघ्यांसाठी जागा एक वीत आणि चार बोटं. पुढची सीट मागे सरकवली तर फक्त चार बोटं. यशचे पाय लांब आहेत, म्हणून शिखाच्या मागे बसायचं. ती लहानखुरी आहे, पुढे सरकेल. मध्ये जमिनीला उंचवटा आहे, त्यामुळे मधल्या माणसाने पाय कुठे ठेवायचे ते कंपनीलाच माहीत. पण मधला माणूस नाहीच आहे. मी एकटा. एकट्या माणसाला जागा पुष्कळ.
माझी यमुना असती तर डबा तिनेच मांडीवर घेतला असता. मग मी कुठे बसलो असतो, हा प्रश्न होता.

४ फेब्रुवारी
ठराव केले. एक, आजपासून पाणी कमी. वाटेत सारखं थांबायला लावलं तर पोरं कंटाळतात. दोन, गाडीत बोलायचं कमी. तीन, पादायचं नाही. चार, गुडघ्यांना रोज तेल.
दुपारी पाणी कमी प्यायल्याने डोकं दुखलं. संध्याकाळी दोन लोटे प्यायलो. ठराव उद्यापासून.

५ फेब्रुवारी, दुपार
कपाट आणि पलंग यांच्यामध्ये पाट ठेवला आणि त्यावर बसून पाहिलं. जागा साधारण गाडीइतकीच. छातीशी उशी धरली, डबा समजून. जेजुरीच्या वाटेवरच्या सेंधव्यापर्यंत बसायचं असं मनाशी ठरवलं होतं. त्याच्या बऱ्याच अलीकडे, मानपूरच्या आसपास डावा पाय झोपला.
वसुधा झाडू घेऊन आली. सून चांगली आहे पण दार वाजवत नाही. म्हणाली, बाबा, उशी घेऊन तिथे काय करताय. म्हटलं, ध्यान. ती कपाटापुढचं झाडून गेली. माझ्या पायाशी दोनदा झाडू लागला. असं होणारच, सराव म्हटला की अडचणी आल्या.

६ फेब्रुवारी
बागेत श्रीहरी भेटला. सांवेर रोडच्या गोदामात आम्ही बरोबर होतो. मी माल भरून घ्यायचो, तो गेटवर. त्याला सांगितलं की नातवाबरोबर जेजुरीला चाललोय. तो म्हणाला, क्यों भिया, पुढे नवरा, पुढे बायको, मध्ये गिअर, तू कां घुस रिया है.
मी म्हटलं, टाक कोण धरणार.
म्हणाला, टाक काय पळून जातात का.
त्याला आमच्यातलं काही कळत नाही. त्याचा मुलगा सुरतेला असतो, दिवाळीला पण येत नाही. अशा माणसाचा जळफळाट होतो. मी शेंगदाणे खात राहिलो. ते त्याच्याच पैशाचे होते.

८ फेब्रुवारी, रविवार
आज ट्रायल झाली. यश आणि शिखा महूला एका मित्राला गाडी दाखवायला निघाले होते. मी आधीच कपडे घालून खाली उभा होतो. शिखाच म्हणाली, चलिये ना आजोबाजी.
आत जायचं म्हणजे आधी पुढची सीट वाकवायची, मग डोकं घालायचं, मग एक पाय, मग कंबर. दुसरा पाय कधी घालायचा हे कोणी सांगितलं नाही. तो बाहेरच राहिला. शिखाने तो उचलून आत ठेवला. चप्पल रस्त्यावर राहिली, ती पण तिनेच आणली. मुलगी संस्कारी आहे.
मागच्या काचा उघडत नाहीत. पुढच्या सीटांच्या पाठी उंच, खांबासारख्या. महूपर्यंत मला यशचा डावा कान दिसला. चांगला कान आहे, आमच्याकडचा. मी त्याला सांगत होतो की तुझे पणजोबा हा रस्ता घोड्यावरून करायचे, नंतर सायकलवरून. गाडीचा आवाज फार आणि कंबरेमागे डिक्कीत ठेवलेला मोठा स्पीकर, त्यामुळे त्यांना ऐकू आलं नसावं. शिखाने एकदा वळून अंगठा दाखवला. म्हणजे गोष्ट आवडली.
ब्रेकरवर टाळू छताला लागली. आता टोपी घालून बसायचं.
महूला ते उतरले. मी उतरलो नाही. बसलोच आहे तर कशाला, असं म्हटलं. खरं म्हणजे गुडघा पुढच्या सीटच्या खाली गेला होता. त्यांनी चहा पुढच्या खिडकीतून दिला. मित्राने वाकून आत पाहिलं आणि यशला विचारलं, पीछे कोई है क्या. यश म्हणाला, दादाजी हैं. मी हात वर केला.
घरी आल्यावर देवदत्त आणि वॉचमन यांनी बाहेर काढलं. देवदत्त माझाच मुलगा, पण ओढताना बगलेत बोटं रुतवतो. वसुधा गॅलरीतून पाहत होती. एकूण ट्रायल यशस्वी. उतरण्याचा भाग कच्चा आहे, पण जेजुरीला एकदाच उतरायचं आहे.

९ फेब्रुवारी
कंबर. झोपून.

१० फेब्रुवारी
नवी माहिती मिळाली. जेजुरीहून ते पुढे कोकणात जाणार, आठ दिवस. हॉटेल पण झालं. मी समुद्र कधी पाहिला नाही, ही एक गोष्ट राहिलीच होती. खोली एकच घेतलीय. चूक झाली असेल, पोरं घाईत असतात. जास्तीची गादी मागता येते. मी दाराजवळ झोपेन.
हे देवदत्तला सांगितलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, बाबा, तुम्हाला नेतो असं यश म्हणाला का.
मी म्हटलं, नेत नाही असं तरी म्हणाला का.
तो उठला. पटलं असावं. जाताना पंखा कमी करून गेला, जो मी वाढवला होता.

११ फेब्रुवारी
आज मोठा वाद. मी जिंकलो.
यश टाकांचा डबा बघायला आला. म्हणाला, कपड्यांच्या बॅगेत मधोमध ठेवतो, डिक्कीत एकदम सेफ.
मी म्हटलं, देव डिक्कीत ठेवत नाहीत. डिक्कीत स्टेपनी असते, जॅक असतो, तुमचे बूट असतात. वर तो स्पीकर. मल्हारी मार्तंडाला बिजासन घाटभर ते धडाड धडाड ऐकवणार का.
यश म्हणाला, आजोबा, देवाला काय फरक पडतो.
मी म्हटलं, मग जाता कशाला.
त्याने डबा खाली ठेवला. शिखा म्हणाली, आजोबाजी सही बोल रहे हैं, डबा सीटवर ठेवू. ती आता मराठी बोलायला लागलीय. सीटवर म्हणजे माझ्या मांडीवर. एवढं कोणीही समजेल.
वसुधाने सर्वांना शिरा केला. मला दोनदा वाढला. आज घर भरल्यासारखं वाटलं. ते गेल्यावर टीव्ही लावला, आवाज मोठा ठेवला.

१२ फेब्रुवारी
माझं सामान. आधी ट्रंक काढली. त्या डिक्कीत ट्रंक गेली तर दुसरं काही जाणार नाही, हे मी न मोजता सांगू शकतो. मग हँडबॅग. मग विचार केला, हँडबॅग पण का. पिशवीत मावेल एवढंच घेतलं. धोतर, टॉवेल, गुडघ्याचं तेल, गोळ्या. एक शर्ट अंगावर, त्यावर दुसरा शर्ट, वर स्वेटर. अंगावरच्या सामानाला जागा लागत नाही. गोदामात हे डोकं नव्हतं, आता सुचतं.
पिशवी उशाशी ठेवली. दोनदा वजन करून पाहिलं, हाताने. हलकी आहे. कोणाला जड होणार नाही.

१३ फेब्रुवारी
यशचा फोन आला. स्वतःहून. म्हणाला, आजोबा, उद्या सकाळी सामान भरायला तुम्ही पाहिजेत, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.
देवदत्तला ऐकू जाईल असं मी मोठ्याने विचारलं, काय म्हणालास. यश परत म्हणाला, तुम्ही पाहिजेत. फोन स्पीकरवर कसा करतात ते शिकायला हवं होतं.
आता कोणाला काही शंका नसावी.

१४ फेब्रुवारी, सकाळी साडेपाच
आंघोळ झाली. टाक पुसून डब्यात ठेवले, वर भंडारा, वर लाल फडकं. बूट घातले. पाणी प्यायलो नाही. गाडी सातला येणार.

१४ फेब्रुवारी, सकाळी दहा
गाडी वेळेवर आली. सामान पाहून मीच घाबरलो. दोन मोठ्या बॅगा, एक तंबू, बर्फाची पेटी, शेवेचे डबे पुण्याच्या मित्रांसाठी, दोन घडीच्या खुर्च्या समुद्राकाठी बसायला, आणि शिखाची एक गोल पेटी, त्यात फक्त टोपी. डिक्की अर्धी त्या स्पीकरने खाल्लेली. यशने एक बॅग आडवी टाकली, एक उभी, आणि झालीच भरून. म्हणाला, जाने दो, तंबू आणि खुर्च्या राहू द्या.
मी म्हटलं, सरक.
सांवेर रोडला माझ्या हातून भरलेल्या गाडीतून कधी माल उरला नाही. सगळं बाहेर काढायला लावलं. बॅगा खाली, चाकांकडच्या बाजूने. शेवेचे डबे सांध्यांत, म्हणजे बॅगा हलत नाहीत. बर्फाची पेटी स्पीकरला टेकवून. तरी तंबू आणि खुर्च्या उरल्या. यश म्हणाला, बघा, नाही होणार. असं म्हटलं की मला राहवत नाही. मागच्या सीटच्या पाठीवर एक खटका दिसला. तो दाबला. सीटचा मोठा भाग पुढे पडला, सपाट, टेबलासारखा. एकदम जागाच जागा. तंबू गेला. खुर्च्या गेल्या, एकीच्या पोटात दुसरी. गोल पेटी त्यावर. शिखाने टाळ्या वाजवल्या. देवदत्त पण म्हणाला, बाबा, कमाल आहे. हे तो सहसा म्हणत नाही.
उरलेल्या छोट्या सीटवर देवांचा डबा. मीच ठेवला. पोटाशी उशी लावली. शिखाने विचारलं, बेल्ट लावू का देवांना. तिला दाखवलं कसा ओढायचा. डबा हलवून पाहिला, हलला नाही. गाडीत बोट शिरायला जागा नव्हती. असं भरलेलं बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.
मग मी ती जागा परत एकदा पाहिली.
यशने पायरीवरची पिशवी उचलली. विचारलं, आजोबा, ही पण टाकायची का, पुढे पायाशी बसेल. म्हटलं, राहू दे, माझे जुने कपडे आहेत, बोहारणीला द्यायचे. त्याने ती नीट परत ठेवली. दोघं पाया पडले. शिखा म्हणाली, आजोबाजी, आपके बिना तो आधा सामान यहीं रह जाता. मी म्हटलं, हओ.
गाडीचा आवाज चौकापर्यंत ऐकू आला. मोठं इंजिन आहे, म्हणून त्याच्यापुढे पण आला.
देवदत्त कामाला गेला. मी फाटकाशीच होतो. वसुधाने वरून विचारलं, बाबा, बूट घालून कुठे निघालात. म्हटलं, दूध आणतो. म्हणाली, दूध सकाळीच आलंय. तरी गेलो, अर्धा लिटर आणलं. तिने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेही तापवायला ठेवलं.